बँकेबद्दल कुजबुज कानावर आली तर: आपली ठेव तपासायची कशी

रात्री साडेदहाला मावसभावाचा फोन. "अरे, आमच्या बँकेचं काही खरं नाही म्हणतात. सकाळी जाऊन सगळे पैसे काढू का?" मी विचारलं, "सगळे म्हणजे किती?" पलीकडे शांतता. खाती किती, कुणाच्या नावावर, कुठली ठेव कधी सुटते, यातलं एकही त्याला धड सांगता येईना. बँकेचं काय होणार हे मला ठाऊक नव्हतं आणि स्वतःचे किती पैसे पणाला लागलेत हे त्याला ठाऊक नव्हतं. पहिल्यावर आपल्यापाशी इलाज नाही. दुसरं अर्ध्या तासात कळतं, म्हणून सुरुवात तिथूनच करायची.

"बँक बुडेल का?" या प्रश्नाच्या मागे लागू नका. त्याचं उत्तर बाहेरच्या माणसाला मिळत नाही, आतल्यालाही क्वचितच मिळतं. अमेरिकेतल्या सिलिकॉन व्हॅली बँकेच्या हिशेबांवर लेखापरीक्षकांनी २४ फेब्रुवारी २०२३ रोजी स्वच्छ शेरा मारून सही केली. ९ मार्चला एका दिवसात ठेवीदारांनी ४२ अब्ज डॉलर काढले आणि १० मार्चला नियामकांनी बँक ताब्यात घेतली. सही आणि टाळं यांत १४ दिवस. पतमानांकन संस्थांनी मानांकन उतरवलं ते अगदी शेवटच्या दोन दिवसांत. बैल गेला आणि झोपा केला.

प्रश्न असा विचारा: उद्या सकाळी बँकेचं दार उघडलंच नाही, तर माझे किती पैसे अडकतील, किती दिवस, आणि त्यातले किती परत मिळण्याची कायद्याने हमी आहे?

आधी बघा, ही ठेव आहे का

हे वगळून पुढे गेलेली माणसंच सर्वात जास्त पोळली आहेत. बँकेच्या काउंटरवर मिळालेली प्रत्येक पावती ठेवीची नसते. तिथेच विमा पॉलिसी विकतात, म्युच्युअल फंड विकतात, बँकेचे स्वतःचे रोखेही विकतात. यातल्या कशालाही ठेव विमा, म्हणजे बँक बुडाली तर ठरावीक मर्यादेपर्यंत ठेव परत मिळण्याची कायदेशीर हमी, लागू नाही. मार्च २०२३ मध्ये क्रेडिट सुईस ही स्विस बँक मोडकळीला आली तेव्हा ठेवीदारांचा पैसा शाबूत राहिला, पण तिच्या 'एटी-१' प्रकारच्या, म्हणजे बँक संकटात आली तर पुसून टाकता येणाऱ्या रोख्यांतले सुमारे १६ अब्ज फ्रँक एका निर्णयाने शून्य झाले. भारतात मार्च २०२० मध्ये येस बँकेच्या बाबतीत तेच झालं. ठेवी वाचल्या, ८,४१५ कोटींचे एटी-१ रोखे पुसले गेले. ते घेणाऱ्यांत 'मुदत ठेवीपेक्षा जरा जास्त व्याज' एवढंच ऐकून पैसे गुंतवलेली साधी माणसंही होती.

दुसरी गोम अ‍ॅपची. अ‍ॅप देखणं असतं, खाली बारीक अक्षरांत कुठल्यातरी परवानाधारक बँकेचं नाव असतं, आणि मध्ये एक दलाल कंपनी बसलेली असते. सिनॅप्स ही अशीच एक अमेरिकी मध्यस्थ कंपनी २०२४ मध्ये दिवाळखोरीत गेली. एक लाखाहून जास्त लोकांचे पैसे गोठले आणि हिशेब जुळवताना साडेसहा ते साडेनऊ कोटी डॉलरची तूट निघाली. बँका उघड्याच होत्या. ठेव विमा बँक बुडाल्यावर मिळतो, आणि इथे बँक बुडालीच नव्हती. कुणाचे किती याची नोंद विस्कटली होती.

तेव्हा पावती किंवा खातेउतारा हातात घ्या. त्यावर परवाना असलेल्या बँकेचं पूर्ण कायदेशीर नाव आहे का, 'ठेव' हा शब्द आहे का, बघा. मग ते नाव आपल्या देशातल्या ठेव विमा संस्थेच्या यादीत स्वतः शोधा. बँकेच्या भिंतीवरच्या फलकावर किंवा अ‍ॅपमधल्या चिन्हावर भागवू नका. पतपेढी, वित्त कंपनी, 'इंटरनॅशनल बँक' अशा भारदस्त नावाची दूरच्या बेटावरची संस्था, यांच्या बाबतीत तर मुळीच नको. अँटिग्वातल्या स्टॅनफर्ड इंटरनॅशनल बँकेने बाजारभावाहून चढ्या व्याजाची 'ठेव प्रमाणपत्रं' वर्षानुवर्षं विकली. २००९ मध्ये कळलं की सुमारे सात अब्ज डॉलरचा तो निव्वळ फसवणुकीचा डोलारा होता.

मग मर्यादा आणि बेरीज

ठेव विम्याची मर्यादा देशागणिक वेगळी. अमेरिकेत अडीच लाख डॉलर, युरोपीय संघात एक लाख युरो, भारतात ४ फेब्रुवारी २०२० पासून पाच लाख रुपये. हे आकडे अधूनमधून बदलतात, म्हणून आज लागू असलेला आकडा विमा संस्थेच्या स्वतःच्या संकेतस्थळावरून घ्या.

ही मर्यादा प्रत्येक ठेवीदाराला, प्रत्येक बँकेत मिळते. प्रत्येक खात्याला नाही, प्रत्येक शाखेलाही नाही. एकाच बँकेच्या तीन शाखांत तीन पावत्या केल्या म्हणजे तिप्पट संरक्षण, हा समज मी शिकल्यासवरल्या माणसांच्या तोंडूनही ऐकला आहे. तिन्ही पावत्यांची बेरीज होते आणि मर्यादा एकदाच लागते. नावं दोन पण परवाना एक, असंही असतं. ब्रिटनमध्ये हॅलिफॅक्स आणि बँक ऑफ स्कॉटलंड या दोन पाट्यांमागे एकच परवाना आहे, म्हणून दोन्हीकडे पैसे ठेवले तरी संरक्षण एकाच बँकेपुरतं.

आता कागद घ्या. तुमच्या देशातली मर्यादा १०० आहे असं धरू. मावसभावाचं चित्र साधारण असं निघालं: बचत खात्यात २२, एक मुदत ठेव ४०, दुसरी ३५. बेरीज ९७. "म्हणजे मी आतच आहे की!" नाही. बऱ्याच देशांत मुद्दल आणि बँक बंद पडण्याच्या दिवसापर्यंतचं व्याज, दोन्ही मिळून मर्यादा मोजतात. त्याच्या दोन ठेवींवर साठलेलं व्याज ९ होतं. एकूण १०६. शिवाय बायकोबरोबरचं संयुक्त खातं होतं, त्यात ३०.

संयुक्त खात्याच्या बाबतीत ऐकीव माहितीवर विसंबू नये, कारण नियम खरोखरच वेगवेगळे आहेत. युरोपीय संघात खात्याचे समान वाटे पडतात आणि आपला वाटा आपल्या बाकीच्या ठेवींत मिसळतो. त्या हिशेबाने त्याचे १२१ झाले असते, म्हणजे २१ उघड्यावर. भारतात आणि अमेरिकेत संयुक्त खात्याचं संरक्षण स्वतंत्र धरतात. तिथे हाच माणूस १०६ वर थांबतो, उघड्यावर फक्त ६. माणूस तोच, पैसे तेवढेच. आपल्याकडचा नियम विमा संस्थेच्या प्रश्नोत्तरांत पाच मिनिटांत सापडतो.

आणखी दोन गोष्टी बेरजेत घ्या. त्याच बँकेचं कर्ज डोक्यावर असेल तर काही देशांत ते ठेवीतून वळतं करून उरलेलीच रक्कम देतात. आणि नुकतंच घर विकून मोठी रक्कम खात्यात आली असेल तर युरोपीय संघात अशा रकमेला काही महिने मर्यादेपलीकडेही संरक्षण असतं. सगळीकडे ते नसतं.

"मर्यादेच्या वरच्यांची काळजी कशाला, सरकार वाचवेलच" असं म्हणणारे भेटतात. कधी वाचवतं. सिलिकॉन व्हॅली बँकेच्या सगळ्या ठेवीदारांना, विम्याबाहेरच्यांनासुद्धा, पूर्ण रक्कम मिळाली. पण २००८ मध्ये कॅलिफोर्नियातली इंडीमॅक बुडाली तेव्हा विम्याबाहेरच्या रकमेपैकी सुरुवातीला निम्मीच हाती आली. २०१३ मध्ये बँक ऑफ सायप्रसने एक लाख युरोच्या वरच्या ठेवींतला ४७.५ टक्के भाग स्वतःच्या शेअरमध्ये बदलून टाकला. ठेवीदार झोपला आणि भागधारक होऊन उठला. मर्यादेच्या आतली रक्कम ही हमी. वरची ती आशा, आणि हिशेबात आशा धरू नये.

पैसे मिळतील, पण कधी?

नवख्यांच्या हे ध्यानातच येत नाही. विमा म्हणजे पैसे सुरक्षित. उद्या हातात असतील असं नाही. अमेरिकेत विमा संस्था बहुतेक वेळा शुक्रवारी बँक ताब्यात घेते आणि सोमवारी खाती चालू असतात. युरोपीय संघाचं लक्ष्य सात कामकाजी दिवसांचं. भारतात २०२१ च्या कायदादुरुस्तीनंतर, रिझर्व्ह बँकेने पैसे काढण्यावर निर्बंध लावल्यापासून ९० दिवस. कागदावरची मुदत नेहमीच पाळली जाते असंही नाही. बल्गेरियातली केटीबी बँक जून २०१४ मध्ये बंद पडली आणि विम्याचे पैसे मिळायला डिसेंबर उजाडला.

निर्बंधांच्या काळात काय होतं ते मुंबईच्या पीएमसी बँकेच्या ठेवीदारांना विचारा. सप्टेंबर २०१९ मध्ये निर्बंध लागले तेव्हा सुरुवातीची मर्यादा होती सहा महिन्यांत १,००० रुपये. ती पुढे टप्प्याटप्प्याने वाढली, पण पहिल्या आठवड्यात कुणाची फी भरायची होती, कुणाची शस्त्रक्रिया ठरलेली होती.

म्हणून विम्याच्या मर्यादेत असलात तरीही, दोन-तीन महिन्यांचा घरखर्च दुसऱ्या, वेगळ्या परवान्याच्या बँकेत ठेवा. पगार आणि कर्जाचे हप्ते एकाच बँकेतून वळत असतील तर निदान दुसरं खातं उघडून, चालू करून, एकदा वापरून ठेवा. निर्बंध लागल्यावर नवं खातं उघडायला धावणाऱ्यांच्या रांगेत उभं राहायचं नसेल तर हे काम आजच्या निवांत दिवसाचं आहे. माझ्या मते या सबंध लेखातलं हे एकच काम सगळ्यांनी करावं, बँक कितीही भक्कम असो.

आता बँकेची प्रकृती

तुमची सगळी रक्कम मर्यादेत बसत असेल आणि दुसरीकडे खर्चापुरते पैसे असतील, तर हा भाग वाचला नाही तरी चालेल. ज्यांचे मर्यादेबाहेर आहेत त्यांनी बँकेचा वार्षिक अहवाल उघडावा. घाबरायचं नाही, तीन-चार जागाच बघायच्या.

पहिली, भांडवल पर्याप्तता. शंभर रुपयांच्या जोखमीमागे बँकेचे स्वतःचे किती, ते. आंतरराष्ट्रीय बेसल नियमांत किमान ८ टक्के आणि वरची राखीव उशी धरून साडेदहा. आकड्यापेक्षा उतार बघा. तीन वर्षांत १५ वरून ११ वर घसरलेली बँक नियमात बसते, पण बरी म्हणवत नाही.

दुसरी, थकीत कर्जं. एकूण थकीत कर्जांना बँकेचं भांडवल आणि तरतुदी (बुडीत कर्जांसाठी बाजूला काढून ठेवलेली रक्कम) यांच्या बेरजेने भागा. याला टेक्सास गुणोत्तर म्हणतात; १९८० च्या दशकात तिथल्या बँका धडाधड पडल्या तेव्हापासूनचं हे माप. उत्तर शंभर टक्क्यांकडे सरकत असेल तर थकीत कर्जं बँकेचं सगळं भांडवल गिळू शकतात. मात्र हे माप प्रामाणिक ताळेबंदावरच चालतं. पीएमसी बँक निर्बंधांच्या काही महिने आधीपर्यंत चार टक्क्यांहून कमी थकबाकी दाखवत होती. प्रत्यक्षात कर्जांतला सुमारे ७० टक्के पैसा एकाच बांधकाम समूहाकडे गेला होता आणि तो हजारो बनावट खात्यांआड लपवला होता. ठेवीदार तो शोधू शकला नसता. स्वतःच्या बेरजेला मी आधी बसवलं ते याचसाठी.

तिसरी जागा कंसातली. सिलिकॉन व्हॅली बँकेच्या डिसेंबर २०२२ च्या ताळेबंदात एक ओळ होती: मुदतीपर्यंत राखायचे रोखे, ९१.३ अब्ज डॉलर. त्याच ओळीत, कंसात, त्या रोख्यांची बाजारातली खरी किंमत: ७६.२ अब्ज. दोहोंतला फरक १५ अब्जांचा, आणि बँकेचं एकूण स्वतःचं भांडवल सुमारे १६ अब्ज. म्हणजे त्या दिवशी रोखे विकायची वेळ आली असती तर भांडवल जवळजवळ संपलं असतं. कारण साधं होतं. व्याजदर तळाला असताना बँकेने लांब मुदतीचे रोखे घेतले, २०२२ मध्ये दर झपाट्याने चढले, आणि कमी व्याजाच्या जुन्या रोख्यांना बाजारात भाव उरला नाही. यात काहीही लपवलेलं नव्हतं. सगळ्यांसमोर, कंसात, छापलेलं होतं.

चौथी, ठेवीदार कोण आहेत. त्याच बँकेतल्या ठेवींचा जवळजवळ ९० टक्के भाग विम्याच्या मर्यादेबाहेरचा होता आणि बहुतेक एकाच धंद्यातल्या, एकमेकांना ओळखणाऱ्या मंडळींचा. अशा ठेवीदारांत एकाने पैसे हलवले की दुसराही हलवतो. ब्रिटनच्या नॉर्दर्न रॉकची गत वेगळ्या वाटेने तीच झाली. कर्जं देण्यासाठी लागणारा पैसा ती मुख्यतः घाऊक बाजारातून, म्हणजे ठेवीदारांऐवजी इतर बँका आणि मोठ्या गुंतवणूकदारांकडून, उसना घेत होती. २००७ च्या उन्हाळ्यात बाजार आटला, १३ सप्टेंबरच्या रात्री बातमी फुटली आणि सकाळी शाखांबाहेर रांगा. तेव्हाचा ब्रिटिश ठेव विमा फक्त पहिल्या २,००० पौंडांना पूर्ण आणि पुढच्या ३३,००० ना ९० टक्के संरक्षण द्यायचा. त्या नियमाखाली रांगेत उभं राहणं हा काही मूर्खपणा नव्हता.

बाकीच्या खुणा ओझरत्या बघा. शेजारच्या बँकांहून ठळकपणे जास्त व्याज, अहवाल वेळेवर न येणं, लेखापरीक्षकाने मध्येच अंग काढून घेणं, वरचे अधिकारी पाठोपाठ बाहेर पडणं. एखादी असेल तर लक्ष ठेवा. दोन-तीन एकत्र दिसल्या तर मर्यादेवरचे पैसे तिथे ठेवायला मला तरी कारण दिसत नाही.

आवई की बातमी

जपानमध्ये १९७३ च्या डिसेंबरात शाळकरी मुली आगगाडीत गप्पा मारत होत्या. एकीला पतसंस्थेत नोकरी लागणार होती. मैत्रीण म्हणाली, तिथे धोका असतो. तिच्या मनात दरोडेखोर होते. घरी विषय निघाला, धोका संस्थेलाच आहे असं झालं, आणि काही दिवसांत टोयोकावा शिन्किन या संस्थेतून लोकांनी एक अब्जाहून जास्त येन काढून नेले. संस्थेला काहीही झालं नव्हतं.

म्हणून असा निरोप तुमच्याकडे आला तर तीन गोष्टी विचारा: हे कोण म्हणतं, कुठल्या तारखेला, आणि नियामकाच्या संकेतस्थळावर याबद्दल कागद आहे का? एटीएममध्ये नोटा नाहीत, अ‍ॅप दोन तास बंद, शाखेत गर्दी, याने काही सिद्ध होत नाही. नियामकाचा निर्बंधाचा आदेश, आर्थिक निकाल लांबणीवर पडल्याची बँकेचीच घोषणा, तातडीने भांडवल उभारण्याची धडपड, हे खरे कागद. पण एक कबूल करायला हवं. आवई खोटी असली तरी पुरेशा लोकांनी तिच्यावर विश्वास ठेवला तर धडधाकट बँकेलाही फटका बसतो. मर्यादेबाहेरचे पैसे असलेल्याने "आवईच आहे" म्हणून निवांत बसू नये. मर्यादेत असलेल्याने मात्र खुशाल बसावं.

हलवायचं ठरलं तर

फक्त जादा हलवा. मर्यादेच्या आतली मुदत ठेव मोडून दंड भरण्यात अर्थ नाही. मोडायचीच असेल तर मर्यादेवरची रक्कम जिच्यामुळे होते त्यातली लहानात लहान पावती निवडा, आणि बँकेकडून मुदतपूर्व मोडण्याचा दंड लेखी विचारून घ्या. बहुतेक वेळा तो व्याजातून थोडासा जातो. व्याजाचा तुकडा गमावणं आणि मुद्दल अडकणं, या दोहोंची तुलना कागदावर मांडली की मन आपोआप ठरतं.

रोख काढू नका. घरात ठेवलेल्या नोटांना कुणाचाच विमा नाही. थेट दुसऱ्या बँकेतल्या स्वतःच्याच खात्यावर पाठवा. नवं खातं जोडल्यावर पहिल्या दिवशी रकमेवर बंधन असू शकतं, म्हणून आधी लहान रक्कम पाठवून ती पोचल्याची खात्री करा. आणि ज्या बँकेत नेताय तिची याच क्रमाने तपासणी करा, नाहीतर आगीतून फुफाट्यात.

सावध राहायचं ते फोनपासून. बँकेबद्दल कुजबुज सुरू झाली की "तुमच्या बँकेतून बोलतोय, पैसे सुरक्षित खात्यात हलवून देतो" म्हणणारे भामटे उगवतातच. 'सुरक्षित खातं' नावाची चीज कुठल्याच बँकेत नसते. तुम्ही स्वतः उघडलेल्या खात्याखेरीज कुठेही एक पैसा पाठवू नका. निर्बंध लागल्यानंतर "तुमची अडकलेली ठेव आम्ही कमी भावाने विकत घेतो" म्हणणारेही येतात. विम्याची रक्कम ठरलेली असताना त्यांच्या कागदावर सही करण्याची घाई काय?

शेवटचं काम कागदांचं. सगळ्या पावत्यांचे फोटो आणि आजचा खातेउतारा बँकेच्या अ‍ॅपबाहेर कुठेतरी जपून ठेवा. अ‍ॅप बंद पडलं की आतले कागदही त्याच्याबरोबर जातात. नावाचं स्पेलिंग, पत्ता, फोन नंबर, वारसाची नोंद तपासा. विम्याचे पैसे याच नोंदींवरून वाटले जातात.

मावसभावाने दुसऱ्या दिवशी ३५ ची ठेव मोडली, ते पैसे दुसऱ्या बँकेत पाठवले, बाकी सगळं जागच्या जागी ठेवलं. ती बँक आजही चालू आहे, आणि दंडात गेलेल्या व्याजाबद्दल तो अजून मला ऐकवतो. त्या दिवशी पावत्या चाळताना त्याला दिसलं की दोन्ही ठेवींवर जुन्या भाड्याच्या घराचा पत्ता होता, आणि वारस म्हणून बारा वर्षांपूर्वी वारलेल्या मावशीचं नाव.